नाव लावण्याआधी

तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस पडून राहिला की शेतकऱ्याला वजन घटण्याची काळजी लागते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाची काळजी निराळी असते. कोयत्याचा घाव बसला, तिथे रस उघडा पडतो आणि त्या रसात ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जिवाणू वाढू लागतो. तो साखरेचा रेणू फोडतो, त्यातलं ग्लुकोज एकापुढे एक जोडत जातो आणि डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतो. जळीत उसात हे आणखी वेगानं घडतं. रस दाट होतो, गाळण्या तुंबतात, पॅनमध्ये दाणा धरायला वेळ लागतो आणि धरला तरी तो लांबट होतो.

याहून गंभीर गोष्ट पोलरीमीटरमध्ये घडते. रसातली साखर आपण मोजतो ती प्रकाशाचं प्रतल किती अंशांनी वळलं यावरून. डेक्स्ट्रान हे प्रतल साखरेच्या जवळजवळ तिप्पट वळवतं. त्यामुळे साखर प्रत्यक्षात कमी होत असताना यंत्रावरचा आकडा फुगलेला दिसू शकतो. गव्हाणीपाशी मोजलेली साखर आणि पोत्यात भरलेली साखर यांचा मेळ बसत नाही, आणि उतारा कुठे गळाला याचा शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो. गळती पाइपात नसते, हिशेबातही नसते. एका जिवाणूची ओळख पटलेली नसते.

ओळख पटली की पुढची कामं आपोआप ठरतात. हा जिवाणू उसाच्या घावातून शिरतो, तेव्हा तोड ते गाळप हा वेळ कमी करायचा. तो मिलच्या रोलांवर आणि पन्हाळींत थर करून राहतो, तेव्हा तिथली धुलाई वाढवायची. डेक्स्ट्रान आधीच झालं असेल तर ते तोडणारं डेक्स्ट्रानेज हे विकर वापरायचं. हे सगळं त्या दोन शब्दांच्या नावात साठवलेलं आहे. १८७८मध्ये व्हान टिगेम या फ्रेंच शास्त्रज्ञानं ल्युकोनोस्टॉक हे कूळ मांडलं, तेही साखर कारखान्यांत साचणाऱ्या चिकट गोळ्यांचा अभ्यास करूनच. तेव्हापासून या जिवाणूबद्दल जे जे कुणी पाहिलं, ते या नावाखाली जमा होत आलं आहे.

आणि हीच जाती इडलीच्या पिठातही सापडते. रात्रभर आंबवलेलं पीठ सकाळी फुगून वर येतं, त्यात तिनं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा असतो. कारखान्यात नुकसान करणारी जाती स्वयंपाकघरात उपयोगी पडते. जिवाणूंना ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशा दोन रांगांत उभं करण्याची सवय शाळेपासून लागते. ही प्रस्तावना ज्या पुस्तकाची आहे, त्याच्या वाचकानं ती पहिल्याच पानावर सोडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. नाव जिवाणूची लायकी सांगत नाही. तो कुठे राहील, काय खाईल, काय सोडेल आणि कशानं मरेल, याचा भरवशाचा अंदाज तेवढा देतं.

हे पुस्तक त्या नावापर्यंत पोहोचण्याच्या वाटेबद्दल आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात बी.एस्सी. आणि एम.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुलं पुढे साखर कारखान्यांत, दूध संघांत, दवाखान्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत काम करतात. त्यांतली बरीचशी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या चाचण्यांचे तक्ते त्यांना पाठ असतात, पण ती चाचणी कशासाठी लावायची आणि उत्तर उलट आलं तर काय समजायचं, हे त्यांच्याशी त्यांच्या भाषेत फार कमी वेळा बोललं जातं.

सुरुवातीलाच तीन कामं वेगळी करून ठेवायला हवीत. वर्गीकरण म्हणजे जिवाणूंचे गट पाडणं. नामकरण म्हणजे त्या गटांना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नावं देणं. आणि ओळख पटवणं म्हणजे आपल्या हातात आलेला अनोळखी जिवाणू कुठल्या गटातला, ते ठरवणं. पहिलं काम जगभरच्या अभ्यासकांच्या वादांतून चालतं आणि कधीच संपत नाही. तिसऱ्याला तेवढी सवड नसते. रक्तात जंतुसंसर्ग झालेला रुग्ण खाटेवर असताना वर्गीकरणाचा वाद मिटण्याची वाट बघत बसता येत नाही. अपुऱ्या माहितीवर, पण जबाबदारीनं, निर्णय घ्यावा लागतो.

फर्डिनांड कोन यांनी १८७२मध्ये आकारावरून गट पाडले: गोल, दांड्यासारखे, वळणदार. आकार आजही आपण पहिल्यांदा बघतो, पण त्यानं फार लांब जाता येत नाही. मातीत, आतड्यात, दुधात, नदीत सगळीकडे दांड्यासारखे जिवाणू आहेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. १८८४मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या हान्स ख्रिस्टियान ग्रॅम या डॅनिश डॉक्टरनं फुप्फुसाच्या ऊतींमधले जिवाणू नीट दिसावेत म्हणून एक रंगपद्धत काढली. आधी क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुणं, शेवटी सॅफ्रनीन (हा शेवटचा रंग पुढच्या काळात जोडला गेला). ज्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकनचा जाड थर असतो ते जांभळे राहतात. ज्यांचा थर पातळ आणि बाहेर आणखी एक पटल असतं ते रंग सोडतात आणि गुलाबी दिसतात. हा भिंतीचा फरक ग्रॅम यांना ठाऊक नव्हता. पण त्यांच्या पद्धतीनं पाडलेली रेघ इतकी खोल निघाली की एकशेचाळीस वर्षांनंतरही दवाखान्यात पहिला निरोप हाच जातो: ग्रॅम पॉझिटिव्ह, गोल, झुपक्यांत. एवढ्या चार शब्दांवर डॉक्टर पहिलं औषध निवडतात.

अल्कोहोल किती सेकंद ठेवायचं, यावर विद्यार्थी हसतात. हसू नये. जास्त वेळ धुतलं तर जांभळाही गुलाबी होतो. कल्चर जुनं असेल तरी तेच होतं. म्हणून ओळखीच्या दोन जिवाणूंचे डाग त्याच काचपट्टीवर शेजारी घ्यायचे आणि ते बरोबर रंगले तरच तिसऱ्यावर विश्वास ठेवायचा.

त्याआधीची पायरी शुद्ध कल्चरची. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८१-८२च्या सुमारास फॅनी हेसे यांनी सुचवलेला अगार आला, १८८७मध्ये पेट्री यांची झाकणाची काचथाळी आली, आणि एका पेशीपासून वाढलेली वसाहत वेगळी उचलणं कुणालाही जमू लागलं. पुस्तकातलं रेघा ओढण्याचं प्रकरण मोठं आहे आणि ते मोठंच असायला हवं. चुकीच्या ओळखींचं मूळ बहुतेक वेळा यंत्रात किंवा तक्त्यात नसतं. प्लेटवर दोन जिवाणू एकत्र असतात आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून तिसऱ्याचंच नाव लागतं.

जैवरासायनिक चाचण्यांच्या प्रकरणांवर मी इथे फार बोलत नाही, कारण लेखकानं ती उत्तम हाताळली आहेत. मॅकॉन्की अगारवर लॅक्टोज वापरणारे गुलाबी होतात, इंडोल, सिट्रेट, युरिएज, कॅटलेज या चाचण्या पुढचे फाटे फोडतात. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. तक्त्यात अधिक-उण्याची खूण असते तेव्हा ती त्या जातीच्या बहुसंख्य स्ट्रेनबद्दल असते, प्रत्येकाबद्दल नव्हे. एका चाचणीचं उत्तर बसलं नाही म्हणून नाव रद्द होत नाही आणि एका चाचणीनं ते सिद्धही होत नाही. १९२३पासून निघणाऱ्या ‘बर्गीज मॅन्युअल’नं जगाला हीच शिस्त लावली.

पंचगंगेच्या पाण्याची तपासणी पाहिली की आणखी एक बाजू कळते. प्रयागपासून नृसिंहवाडीपर्यंत ही नदी शहराचं, गावांचं आणि उद्योगांचं पाणी पोटात घेत जाते. तिच्यातल्या प्रत्येक जिवाणूचं नाव शोधायला कुणी बसत नाही. लॅक्टोजच्या नळ्या लावतात, आतल्या उलट्या छोट्या नळीत वायू जमतो का बघतात, मग ४४.५ अंशांवर पुन्हा वाढवून विष्ठेतून आलेले कोलिफॉर्म किती ते ठरवतात. इथे जातीपर्यंत जायची गरज नसते. कुठे थांबायचं हे प्रश्नावरून ठरतं. अनुभवी माणूस कमी चाचण्या लावतो, पण नेमक्या लावतो.

१९७७मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या १६ एस आरएनएच्या क्रमावरून नाती शोधली आणि सगळं शास्त्र हललं. प्रत्येक जिवाणूला प्रथिनं बनवायला रायबोसोम लागतो. त्याच्या या भागाचा जनुक सुमारे दीड हजार अक्षरांचा असतो. त्यातले काही तुकडे कोट्यवधी वर्षांत फारसे बदललेले नाहीत, काही हळूहळू बदलत आले आहेत. न बदललेल्या तुकड्यांवर पीसीआरचे प्रायमर बसतात आणि बदललेले तुकडे नातं सांगतात. आपल्याकडे भावकी ठरवताना कुणी चेहरेपट्टी बघत नाही, वंशावळ बघतात. जिवाणूशास्त्र तोवर चेहरेपट्टीवर चाललं होतं. वंशावळ हाती आली तेव्हा एका घरातले म्हणून मानलेले कितीतरी जिवाणू परके निघाले.

पण वंशावळीलाही मर्यादा आहेत. १६ एसचं साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर जाती वेगळी, असं साधारणपणे धरतात. साम्य त्याहून जास्त आलं तर एकच जाती, असं मात्र म्हणता येत नाही. तेव्हा पूर्ण जनुकसंच ताडून पाहावा लागतो आणि सरासरी साम्याची ९५-९६ टक्क्यांची रेघ लावावी लागते. ई. कोलाय आणि शिगेला या कसोटीवर एकाच जातीत बसतात. दवाखान्यात मात्र ते वेगळेच ठेवले जातात, कारण शिगेला म्हटल्यावर डॉक्टरला रक्ती आव समजते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण प्लेगचं, आणि ते महाराष्ट्राच्या अंगावर उमटलेलं आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जिवाणू अलेक्झांद्र यर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये शोधला होता. मुंबईत वाल्डेमार हाफकिन हा जिवाणू सूपाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडून वाढवत. तुपाच्या थेंबांना धरून जिवाणूंचे धागे खाली लोंबत आणि ही वाढ प्लेगच्या ओळखीची खूण मानली जाई. आपल्या घरातलं तूप जिवाणूच्या ओळखीत असं कामाला आलं. याच वाढीपासून बनवलेली लस हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ला स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये परळला प्लेगची प्रयोगशाळा उभी राहिली, तीच आजची हाफकिन संस्था. साथ कोल्हापूर संस्थानातही पोहोचली. शाहू महाराजांनी वस्त्या मोकळ्या करवून लोकांना बाहेर माळावर झोपड्यांत हलवलं.

या जिवाणूचं नाव पुन्हा पुन्हा बदललं. आधी बॅसिलस, मग पाश्चरेला, आणि १९४४मध्ये सुचवलेलं यर्सिनिया पेस्टिस. पुढे डीएनए ताडल्यावर कळलं की हा यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलॉसिस या तुलनेनं सौम्य जिवाणूचाच अगदी जवळचा नातलग आहे, इतका की प्लेगच्या जिवाणूला त्याची उपजाती करावं असा प्रस्ताव आला. शास्त्राच्या नियमानं तो बरोबर होता. तरीही १९८५मध्ये नामकरणाच्या न्यायिक आयोगानं तो फेटाळला. प्रयोगशाळेच्या कागदावर सौम्य जिवाणूचं नाव दिसलं आणि कुणी पुढची उपजाती वाचलीच नाही, तर माणसं मरतील, हे कारण. नावांच्या शास्त्रात माणसाच्या जिवाचा इतका थेट विचार झालेला मला दुसरीकडे क्वचितच दिसला, आणि तो निर्णय मला पूर्ण पटतो.

नऊ वर्षांनी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचे रुग्ण दिसले आणि पाठोपाठ सप्टेंबर १९९४मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. लाखो लोकांनी सुरत सोडली. काही देशांनी भारताची विमानं थांबवली. आणि त्याच वेळी तज्ज्ञांत वाद पेटला होता की हा प्लेग आहे की दुसराच कुठला जिवाणू किंवा विषाणू. दोन्ही टोकांना गडद रंगणारे दांडे काचपट्टीवर दिसणं आणि जिवाणू वाढवून, सगळ्या कसोट्या लावून त्याचं नाव ठामपणे सांगणं, यांत जे अंतर असतं त्यात सगळा देश त्या आठवड्यांत अडकला होता. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्र आणि गुजरातेतून मिळालेल्या जिवाणूंचा १६ एस क्रम आणि जनुकीय ठसे तपासून तो यर्सिनिया पेस्टिसच असल्याचं २०००मध्ये प्रसिद्ध केलं. साथ ओसरून तेव्हा सहा वर्षं झाली होती. ओळख वेळेवर पटवण्याची तयारी साथ येण्याआधी करायची असते. त्या काळजीतून हे पुस्तक वाचलं जावं.

आपल्या गल्लीबोळांतल्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त चालणारी ‘टायफॉइडची टेस्ट’ याच दृष्टीनं पाहायला हवी. विडाल चाचणी १८९६ची. तीत जिवाणू कुणी पाहिलेलाच नसतो. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासलेली असतात. पूर्वीच्या संसर्गानं किंवा लशीनंही ती असू शकतात. ताप आल्यावर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं रक्त कल्चरला लावलं, तर साल्मोनेला टायफी प्रत्यक्ष हाती येण्याची शक्यता असते आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं हेही कळतं. दोन-तीन दिवस लागतात, हे खरं. पण विडालच्या आकड्यावर आठ-आठ दिवस औषधं खाणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की हे इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नावं बदलत राहतात, याचा विद्यार्थ्यांना राग येतो. तो मी समजू शकतो. २०२०मध्ये लॅक्टोबॅसिलस या एका कुळातल्या २६१ जातींची २५ कुळांत वाटणी झाली आणि दूध संघांच्या प्रयोगशाळांतले तक्ते एका रात्रीत जुने झाले. पण जुनं कूळ खरोखरच एकजिनसी नव्हतं. त्यातल्या काही जातींत परस्परांत जेवढं अंतर होतं, तेवढं इतरत्र दोन वेगळ्या कुळांत असतं. ऊस बागायतदारांच्या बाबतीतही असा एक बदल न सांगता घडलेला आहे. बेणे प्रक्रियेसाठी ते ‘ॲसेटोबॅक्टर’ म्हणून जे आणतात, तो ब्राझीलमध्ये १९८८मध्ये उसाच्या पेशीजालात सापडलेला, हवेतला नत्र स्थिर करणारा जिवाणू. १९९७पासून शास्त्रात तो ग्लुकोनॲसेटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस झाला आहे. पिशवीवर जुनं नाव चालू राहिलं म्हणून पिकाचं बिघडत नाही. प्रश्न पिशवीत तोच जिवाणू आहे का आणि जिवंत आहे का, हा आहे. बटाटा अगारमध्ये दहा टक्के साखर घालून तो वाढवला तर गडद तपकिरी वसाहती दिसतात. ही तपासणी कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होते, आणि दर हंगामात कुणीतरी ती करावी.

२००९मध्ये शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकांनी कापडाचा रिॲक्टिव्ह रेड २ हा रंग विघटित करणाऱ्या एका जिवाणूवर निबंध प्रसिद्ध केला. शेजारी इचलकरंजी असताना हा विषय इथे निघणं स्वाभाविक होतं. त्या जिवाणूचं नाव त्यांनी ‘स्यूडोमोनास एसपी. एसयूके१’ असं दिलं. त्यातलं ‘एसपी.’ मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. कूळ ठरलं, जाती ठरवलेली नाही, असा त्याचा अर्थ. पुरावा जिथवर नेतो तिथवर जाऊन थांबणं ही या शास्त्रातली सगळ्यात अवघड सवय आहे. आज मॅल्डी-टॉफसारखी यंत्रं प्रथिनांच्या वजनांवरून काही मिनिटांत नाव छापून देतात, पण ती त्यांच्या संग्रहात असलेलीच नावं देऊ शकतात. लोणारच्या खाऱ्या पाण्यातून आलेली आणि २०१२मध्ये त्याच गावाचं नाव घेऊन जगापुढे मांडली गेलेली सेसेम्बिया लोनारेन्सिस अशा संग्रहात आधी असणं शक्यच नव्हतं.

वैधपणे प्रसिद्ध झालेल्या जातींची संख्या आज वीस हजारांच्या पुढे आहे. नवी जाती मांडायची तर तिचा नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्यात एनसीएलचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह १९५१पासून आहे, आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातला सूक्ष्मजीव संग्रह २००९पासून. कोल्हापुरातून पुणं फार लांब नाही. तरी इथे वेगळे केलेले चांगले चांगले स्ट्रेन प्रबंध छापून झाल्यावर फ्रिजमधल्या स्लँटवर सुकून गेलेले मी पाहिले आहेत. पुढच्या अभ्यासकाला त्यांच्यावर एकही चाचणी पुन्हा लावता येत नाही. म्हणून साठवणीचं शेवटचं प्रकरण वगळू नका. ग्लिसरॉल किती टक्के, उणे ऐंशी अंश कशासाठी, गोठवून वाळवताना दूधपावडर का घालतात, आणि कुपीवर नमुना कुठल्या गावच्या कुठल्या फडातून, कुठल्या तारखेला, कुठल्या माध्यमावर घेतला हे कसं लिहायचं, ते सगळं त्यात आहे.